हवेची वीट

आधी एक कोडं.

मी वाळूचा आणि काचेचा सख्खा नातेवाईक. पण मला तळहातावर ठेवलं, तर ठेवलंय की नाही तेच कळत नाही. काळ्या कागदावर मी निळसर दिसतो, खिडकीसमोर धरलात तर पिवळसर. टिचकी मारली तर टण्णकन वाजतो आणि चिमटीत जोरात दाबलं तर माझा चुरा होतो. माझ्या खाली ज्योत पेटवा आणि माझ्या डोक्यावर फूल ठेवा. खाली ज्योत फुरफुरत राहील आणि वर फूल मजेत बसलेलं असेल. सांगा, मी कोण?

ढग? नाही. धूर? तुम्ही अगदीच चुकलात असं नाही, कारण त्याचं लाडाचं नाव ‘गोठलेला धूर’ असंच आहे. थर्माकोल? तो तर ज्योत जवळ येताच आक्रसून वितळायला लागेल.

उत्तर आहे सिलिका एअरोजेल!

सिलिका म्हणजे सिलिकॉन आणि ऑक्सिजन यांचं संयुग. समुद्रकाठच्या वाळूत ते असतं, खिडकीच्या काचेतही असतं. मग वाळू जड, काच जड आणि हे पठ्ठे एवढे हलके कसे? कारण एअरोजेलच्या तुकड्यात सिलिका अगदी नावापुरती असते. बाकी सगळी जागा हवेची. नेहमीच्या एअरोजेलमध्ये शंभरातले नव्वदहून जास्त भाग हवा असते आणि सगळ्यात हलक्या नमुन्यांत ती 99.8 टक्क्यांपर्यंत जाते.

थोडं गणित करू. दहा सेंटिमीटर लांब, तेवढाच रुंद आणि तेवढाच उंच असा ठोकळा घ्या. त्याचं आकारमान बरोबर एक लिटर भरतं. हा ठोकळा पाण्याचा असेल तर वजन एक किलो. काचेचा असेल तर जवळपास अडीच किलो. साध्या एअरोजेलचा असेल तर साधारण 100 ग्रॅम. आणि अतिहलक्या एअरोजेलचा असेल तर फक्त 3 ग्रॅम! त्याच जागेत नुसती हवा भरली तरी ती सव्वा ग्रॅमच्या आसपास भरते. म्हणजे ही वीट खरोखरच हवेची आहे, सिलिका फक्त ती हवा धरून ठेवायला.

जेलीतलं पाणी कुठे जातं?

ही हवेची वीट पहिल्यांदा बनवली ती सॅम्युएल किस्टलर या अमेरिकन शास्त्रज्ञाने. कॅलिफोर्नियातल्या स्टॉकटन गावी ‘कॉलेज ऑफ द पॅसिफिक’मध्ये तो काम करायचा. असं सांगतात, की चार्ल्स लर्नेड नावाच्या सहकाऱ्याशी त्याची पैज लागली होती. पैज काय, तर जेलीतला द्रव काढून टाकायचा, त्याच्या जागी हवा भरायची आणि जेलीचा आकार मात्र जराही बदलू द्यायचा नाही!

ऐकायला सोपं वाटतं ना? पण चायना ग्रासच्या जेलीचा एक तुकडा बशीत उघडा ठेवून बघा. दोन-चार दिवसांत तो आक्रसून एवढासा होतो. जेली म्हणजे खरं तर एक जाळं असतं, घन पदार्थाच्या बारीक बारीक धाग्यांचं, आणि त्या जाळ्यात पाणी अडकलेलं असतं. पाणी वाळायला लागलं की जाळ्याच्या प्रत्येक भोकात पाण्याचा पृष्ठभाग तयार होतो. पाण्याच्या पृष्ठभागाला स्वतःला आक्रसून घ्यायची सवय असते. त्यालाच पृष्ठताण म्हणतात. पावसाचा थेंब गोल होतो तो याच पृष्ठताणामुळे. जेलीतली भोकं इतकी बारीक असतात, की तिथे या ताणाची ओढ भयंकर वाढते. पाणी जाता जाता भिंतींना आत ओढतं आणि सगळी इमारत कोसळते.

किस्टलरने विचार केला, की पाण्याला पृष्ठभागच राहिला नाही तर? मग ओढणार कोण?

एखादा द्रव बंद, जाड पोलादी भांड्यात तापवत गेलो, तर दोन गोष्टी होतात. खालचा द्रव प्रसरण पावून विरळ होत जातो आणि वरची वाफ कोंडल्यामुळे दाट होत जाते. एक वेळ अशी येते, की द्रव आणि वाफ यांच्यात काही फरकच उरत नाही. त्यांच्यामधली सीमारेषा पुसली जाते. पृष्ठभाग गेला म्हणजे पृष्ठताणही गेला! मग झडप हळूहळू उघडायची आणि वाफ बाहेर सोडून द्यायची. जाळं जिथल्या तिथे उभं राहतं.

पण पाण्यासाठी हे करायचं तर 374 अंश सेल्सिअस तापमान आणि हवेच्या नेहमीच्या दाबाच्या 218 पट दाब लागतो. शिवाय तेवढ्या तापलेल्या पाण्यात सिलिका स्वतःच विरघळते. म्हणून किस्टलरने युक्ती केली. जेलीतलं पाणी आधी धुऊन काढलं, त्याच्या जागी अल्कोहोल भरलं आणि मग भांडं तापवलं. हे जमलं आणि 1931 साली ‘नेचर’ या नियतकालिकात त्याचा लेख आला. गडी सिलिकावर थांबला नाही. जिलेटीन, अगर आणि अंड्यातला पांढरा बलक यांचीसुद्धा एअरोजेलं त्याने करून पाहिली!

पुढे 1940 च्या दशकात मॉन्सँटो कंपनीने ‘सँटोसेल’ नावाने एअरोजेलची पूड विकली. ती कुठे वापरली जायची? सौंदर्यप्रसाधनं आणि टूथपेस्ट यांत! पण बनवायला वेळ फार लागायचा, खर्चही फार, म्हणून ती मागे पडली. 1970 च्या सुमारास फ्रान्समधल्या लियॉं शहरात स्टॅनिस्लास टाइकनर आणि त्यांच्या विद्यार्थ्यांनी सुरुवातच अल्कोहोलमध्ये केली. जेली तिथेच बनवायची, म्हणजे पाणी धुऊन काढायची कटकटच नको. आठवड्यांचं काम तासांवर आलं.

तरी धोका होताच. तापलेलं अल्कोहोल म्हणजे पेट घ्यायला टपलेलं. 1984 मध्ये स्वीडनमधल्या एका कारखान्यात झाकणातून त्याची गळती झाली आणि मोठा स्फोट झाला. काही जण जखमी झाले, पण सुदैवाने जीव कोणाचा गेला नाही. त्यानंतर कॅलिफोर्नियात बर्कली इथल्या आर्लन हंट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अल्कोहोलच्या जागी द्रवरूप कार्बन डायऑक्साइड भरला. त्याची सीमारेषा पुसायला फक्त 31 अंश तापमान पुरतं. दाब मात्र सुमारे 73 पट लागतो. आणि कार्बन डायऑक्साइड पेट घेत नाही, आग विझवायलाच वापरतात ना तो!

ज्योत खाली, फूल वर

आता त्या फुलाकडे येऊ. ते जळलं का नाही?

एकाच आकाराच्या, एकाच जाडीच्या चार लाद्या आहेत असं समजा. एक काचेची, दुसरी थर्माकोलची, तिसरी म्हणजे नुसती न हलणारी हवा आणि चौथी एअरोजेलची. काचेतून उष्णतेचे 1000 भाग पलीकडे गेले, तर तेवढ्याच वेळात थर्माकोलमधून साधारण 35 भाग जातील. स्थिर हवेतून 26. आणि एअरोजेलमधून? 15 च्या आसपास!

थांबा, थांबा. इथे काहीतरी गडबड आहे. एअरोजेल म्हणजे हवा आणि थोडी सिलिका. हवेतून 26 भाग जातात आणि सिलिकेतून तर खूपच जास्त. मग दोघांच्या मिश्रणातून हवेपेक्षाही कमी कसे जातात?

गंमत आहे ती खोल्यांच्या आकारात. एअरोजेलमधल्या एका भोकाची रुंदी असते साधारण 20 ते 40 नॅनोमीटर. एका मिलिमीटरचे दहा लाख सारखे भाग केले, तर त्यातला एक भाग म्हणजे नॅनोमीटर.

जत्रेतली गर्दी आठवा. मागून कुणीतरी ढकललं की तो धक्का एकाकडून दुसऱ्याकडे, दुसऱ्याकडून तिसऱ्याकडे असा पार पुढच्या रांगेपर्यंत जातो. हवेत उष्णता अशीच पुढे सरकते. तापलेला रेणू जोरात पळतो, शेजारच्याला आपटतो, तो त्याच्या शेजारच्याला. मोकळ्या हवेत एक रेणू दुसऱ्यावर आपटण्याआधी सरासरी 70 नॅनोमीटर पळतो. आता त्याच जत्रेत प्रत्येकाला एकेका चिमुकल्या खोलीत कोंडलं तर? एअरोजेलची खोली तर 70 नॅनोमीटरपेक्षाही लहान. रेणू पळायला लागतो न लागतो तोच भिंतीवर डोकं आपटतो. शेजाऱ्याची गाठ पडणं मुश्कील, मग धक्का पुढे जाणार कसा? म्हणून अशी कोंडलेली हवा मोकळ्या स्थिर हवेपेक्षाही कमी उष्णता नेते.

‘पण गरम हवा वर जाते ना? तशी उष्णता वर जाईल की!’ बरोबर प्रश्न. त्यासाठी हवेला घोळक्याने उठून वर जायला जागा हवी. इथे तेवढी जागाच नाही.

‘आणि भिंती? त्या तर सिलिकेच्याच!’ खरं आहे, पण त्या भिंती म्हणजे काही नॅनोमीटर जाडीच्या कणांच्या माळा. त्या सरळ जातच नाहीत. इकडे वळ, तिकडे वळ, मध्येच वाट बंद. उष्णता त्या भूलभुलैयात रखडते.

उष्णतेची तिसरी वाट म्हणजे प्रारण. सूर्याची ऊब आपल्यापर्यंत येते ती याच वाटेने, उजेडाच्या आणि अवरक्त किरणांच्या रूपात. इथे एअरोजेल थोडं कच्चं पडतं. नेहमीच्या तापमानाला ते बरेचसे अवरक्त किरण गिळतं, पण भट्टीसारख्या फार तापलेल्या जागी काही किरण त्याला चुकवून निघून जातात. म्हणून तिथे एअरोजेलमध्ये कार्बनची काजळी किंवा टायटॅनियम डायऑक्साइड मिसळतात. असं एअरोजेल पारदर्शक राहत नाही, पण किरणांची वाट अडते.

आणि तो निळसर रंग? तोही या बारीक रचनेचाच खेळ. एअरोजेलमधले कण आणि भोकं निळा प्रकाश जास्त विखुरतात, तांबडा-पिवळा सरळ जाऊ देतात. आकाशाचा निळा रंगही असाच तयार होतो, फक्त तिथे हे काम हवेचे रेणू करतात.

आवाजाची पंचाईत

उष्णतेची अशी फजिती होते, तर आवाजाची का होऊ नये?

हवेत आवाज सेकंदाला सुमारे 340 मीटर जातो. बहुतेक घन पदार्थांत तो जास्त वेगाने जातो. काचेत तर 5000 मीटरहून जास्त. मग सिलिकेच्या एअरोजेलमध्ये? बऱ्याच नमुन्यांत हा वेग मोजला तर तो 100 ते 300 मीटर निघतो. घन पदार्थ असून हवेपेक्षाही हळू!

असं का? आवाज म्हणजे पुन्हा धक्काच. पदार्थ ताठ असेल तर धक्का झटकन पुढे पोचतो. एअरोजेलचा सांगाडा फारसा ताठ नसतो, धक्का दिला की आधी स्वतःच दबतो. शिवाय त्या अरुंद भोकांमधली हवा मागेपुढे हलताना भिंतींना घासते. त्या घासण्यात आवाजाची शक्ती थोडी थोडी उष्णतेत बदलते आणि आवाज मंदावत जातो.

म्हणून परदेशात काही इमारतींमध्ये छताच्या किंवा भिंतीच्या तावदानात दुहेरी पापुद्रे बसवून मधल्या फटीत एअरोजेलचे दाणे भरतात. त्यातून पलीकडचं झाड स्पष्ट दिसत नाही, पण दुधाळ, मऊ उजेड आत येतो. उन्हाची धग आणि रस्त्याचा कलकलाट दोन्ही बरेच कमी होतात.

मात्र ढोल-ताशाच्या पथकासमोर पातळसा एअरोजेलचा पडदा धरून उपयोग नाही बरं का! ढोलाचा खर्जातला घुमणारा आवाज अडवायला भिंतीला वजन लागतं. आणि आपल्या हवेच्या विटेत नेमकं तेच नाही.

याच गुणाचा उलटा उपयोगही होतो. काही यंत्रं माणसाला ऐकू न येणारा, फार वरच्या पट्टीचा आवाज सोडून समोरची वस्तू किती दूर आहे ते मोजतात. हा आवाज एका कडक चकतीतून निघतो. पण चकती खूप ताठ आणि जड, हवा मऊ आणि हलकी. त्यामुळे बराचसा आवाज चकतीच्या पृष्ठभागावरूनच मागे फिरतो. मध्ये एअरोजेलचा पातळ थर लावला, तर तो दोघांच्या मधला पडतो आणि जास्त आवाज हवेत उतरतो. म्हणजे जाड थर आवाज अडवतो आणि नेमक्या मापाचा पातळ थर त्याला वाट करून देतो!

कोल्हापूरचं ‘एअर ग्लास’

साध्या सिलिका एअरोजेलचा एक मोठा शत्रू आहे. पाणी! त्याच्या भिंतींना पाणी फार आवडतं. थेंब पडला की भोकांत शिरतो, पुन्हा तोच पृष्ठताण जागा होतो आणि इमारत कोसळते.

यावर ज्या प्रयोगशाळांनी खूप काम केलं, त्यांतली एक आपल्या कोल्हापुरात आहे. शिवाजी विद्यापीठाच्या पदार्थविज्ञान विभागात डॉ. ए. व्यंकटेश्वर राव आणि त्यांच्या विद्यार्थ्यांनी ‘एअर ग्लास लॅबोरेटरी’त वर्षानुवर्षं एअरोजेलं बनवली. त्यांनी भिंतींवर मिथाइल नावाचे छोटे गट बसवले. एक कार्बन आणि तीन हायड्रोजन अणू यांचा हा गट पाण्याला अजिबात जवळ करत नाही. मग थेंब आत शिरण्याऐवजी वरच गोल होऊन बसतो आणि जरा कलतं केलं की घरंगळतो.

या मिथाइलवाल्या कच्च्या मालातून आणखी एक नवल निघालं. एअरोजेल म्हटलं की ते ठिसूळ, हे सगळ्यांनी धरूनच ठेवलं होतं. पण 2006 मध्ये कोल्हापूरच्या गटाने जपानी आणि फ्रेंच सहकाऱ्यांबरोबर असं सिलिका एअरोजेल प्रसिद्ध केलं, जे दाबलं तर दबतं, वाकवलं तर वाकतं आणि सोडलं की परत पहिल्यासारखं होतं. सहकाऱ्यांपैकी जी. एम. पाजोंक हे लियॉंचे. टाइकनर यांच्याबरोबर ज्यांनी काम केलं होतं, तेच हे! स्टॉकटनची युक्ती लियॉंला गेली आणि लियॉंहून कोल्हापूरला आली.

मंगळाची थंडी, धूमकेतूची धूळ

मंगळावरच्या यंत्रांना रात्रीची थंडी बाधते. 2004 च्या जानेवारीत ‘स्पिरिट’ आणि ‘ऑपॉर्च्युनिटी’ या दोन गाड्या तिथे उतरल्या. बाहेरचं तापमान उणे 105 अंशांपर्यंत उतरू शकायचं, पण पोटातली उपकरणं उणे 40 च्या खाली जाऊन चालणार नव्हतं. अंतराळात वजन नेणं फार महागाचं, मग एअरोजेलइतकं हलकं पांघरूण दुसरं कुठलं? उपकरणांच्या पेटीच्या भिंतींत एअरोजेल भरलं आणि आत छोटे हीटर ठेवले. गाड्या तीन महिने चालल्या तरी पुरे, असा अंदाज होता. ‘ऑपॉर्च्युनिटी’ 2018 पर्यंत चालली!

2004 च्या त्याच जानेवारीत ‘स्टारडस्ट’ नावाचं यान विल्ट-2 या धूमकेतूजवळून गेलं. धूमकेतूचे धूलिकण यानावर सेकंदाला 6.1 किलोमीटर वेगाने येत होते. कडक पत्र्यावर ते आपटते तर वाफ होऊन गेले असते. पण यानाने पुढे धरला होता एअरोजेलच्या चौकोनांचा ट्रे. कण एकामागून एक चिमुकल्या भिंती फोडत आत शिरले, वेग गमावत गेले आणि अडकून थांबले. 2006 मध्ये हा ट्रे पृथ्वीवर परत आला. एअरोजेल पारदर्शक असल्यामुळे कणांनी खोदलेले बोगदे शोधणं सोपं गेलं.

2019 मध्ये शास्त्रज्ञ रॉबिन वर्ड्सवर्थ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी आणखी एक भन्नाट कल्पना मांडली. मंगळाच्या जमिनीवर दोन-तीन सेंटिमीटर जाडीचं एअरोजेल पसरलं तर? प्रयोगशाळेत मंगळासारखा उजेड पाडून त्यांनी पाहिलं. प्रकाश आत जातो, घातक अतिनील किरण बरेचसे अडतात आणि खालचं तापमान आहे त्यापेक्षा 50 अंशांहून जास्त वाढू शकतं. म्हणजे बर्फाचं पाणी व्हायला पुरेल इतकं!

मग आपल्या घरात का नाही?

एअरोजेल आपल्या आसपास यायला लागलंय, पण वेष बदलून. तंतूंच्या गादीत एअरोजेल भरून त्याचे गुंडाळता येणारे ताव तयार करतात. तेलशुद्धीकरण कारखान्यांतल्या तापलेल्या नळांभोवती ते गुंडाळतात. विजेवर चालणाऱ्या काही गाड्यांच्या बॅटरीत, एक सेल पेटला तर शेजारचा पेटू नये म्हणून, सेलांच्या मध्ये असे पातळ ताव घालतात. हे ताव हाताळताना पांढरी पूड उडते आणि हात कोरडे पडतात, म्हणून कामगार हातमोजे आणि मास्क घालतात.

पण काचेइतकं स्वच्छ पारदर्शक, न फुटणारं आणि थर्माकोलच्या भावात मिळणारं एअरोजेल अजून कुणी बनवलेलं नाही. जास्त दाबाची पोलादी भांडी न वापरता साध्या हवेत वाळवायची युक्ती बरेच जण सुधारताहेत. मिथाइलचे गट बसवले की जेली वाळताना आक्रसते, पण तिच्या भिंती एकमेकींना चिकटत नाहीत, म्हणून नंतर ती पुन्हा फुगून बरीचशी पूर्ववत होते.

करून बघा

घरातल्या मोठ्यांच्या मदतीने चायना ग्रासची साधी, साखर न घातलेली जेली बनवा. तिचे चार-चार सेंटिमीटरचे दोन चौकोनी ठोकळे कापा. एक डब्यात पाण्यात बुडवून झाकून ठेवा, दुसरा बशीत उघडा ठेवा. रोज संध्याकाळी पट्टीने दोघांची लांबी, रुंदी आणि उंची मोजा आणि वहीत लिहा.

आता डोकं चालवा. उघड्या ठोकळ्याची प्रत्येक बाजू चार सेंटिमीटरवरून दोन सेंटिमीटर झाली, तर त्याचं आकारमान पहिल्याच्या कितवा हिस्सा उरलं? अर्धा म्हणालात तर पुन्हा मोजा. चार गुणिले चार गुणिले चार म्हणजे 64, आणि दोन गुणिले दोन गुणिले दोन म्हणजे 8. फक्त आठवा हिस्सा! किस्टलरला हाच हिस्सा पूर्ण एक ठेवायचा होता.